आरंभीच्या दारिद्र्याचा कैवार

एखाद्या श्रेष्ठ कृतीची तोंडभरून स्तुती करावयाची आणि त्याच श्वासात तिचा पाया खणून काढण्याची शिफारसही करावयाची, ही रीत अलीकडे इतकी रूढ झाली आहे की तिच्यातील विसंगती कोणाच्या ध्यानातही येत नाही. ‘मॉन्स्टर हंटर’ ही जपानी खेळमाला, आणि विशेषेकरून तिचा २००८ साली जपानात व २००९ साली पाश्चात्त्य देशांत प्लेस्टेशन पोर्टेबल यंत्रावर आलेला ‘फ्रीडम युनाइट’ हा अभिजात खंड, यांविषयी आज जो तो एकच गोष्ट सांगतो: खेळ थोर आहे, परंतु त्याचे पहिले दहा तास म्हणजे शिक्षा आहे, ते कसेबसे उरकावेत, कोणा अनुभवी मित्राच्या पाठीशी राहून पार करावेत, जमल्यास वगळूनच टाकावेत, म्हणजे मग ‘खरा खेळ’ सुरू होतो. हे मत मला नुसते चुकीचे वाटत नाही. ते या खेळाच्या मर्मावर घाव घालणारे आहे. आणि ज्यांनी हा खेळ जिवापाड खेळला त्यांच्याही तोंडी ते आता बसू लागल्यामुळे त्याचा मुद्देसूद प्रतिवाद करणे अगत्याचे झाले आहे.

पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडावयाचा तर तो येणेप्रमाणे आहे. खेळाडूला अजस्र श्वापदांच्या शिकारीचे आमंत्रण दिले जाते, आणि प्रत्यक्षात पोक्के नावाच्या हिमाच्छादित खेड्यात आणून त्याला औषधी पाला खुडावयास, अळंबी वेचावयास, पोपो नावाच्या केसाळ व निरुपद्रवी जनावरांच्या जिभा आणावयास धाडले जाते. त्याचे हत्यार बोथट, चिलखत नावापुरते, आणि हालचाल अशी जड की एकदा उगारलेला वार मधेच आवरता येत नाही व औषधाचा घोट घेतल्यावर दंड थोपटून क्षणभर उभे राहिल्याखेरीज पाऊल उचलता येत नाही. सावजाचा जीव किती उरला हे दाखविणारी पट्टी नाही. घाव किती लागला हे सांगणारा आकडा नाही. कोणत्या मोहिमा फत्ते केल्या असता पुढील दर्जाचा दरवाजा उघडतो, याचा खुलासा नाही. त्यावर ५० मिनिटांची मुदत, आणि तीन वेळा बेशुद्ध पडल्यास मोहीम बरखास्त. हे सगळे जुन्या यंत्राच्या मर्यादांचे आणि जुन्या रचनाकारांच्या दुराग्रहाचे अवशेष होत, २०१८ च्या ‘मॉन्स्टर हंटर: वर्ल्ड’ने त्यांतील बरेचसे झाडून टाकले आणि त्याच्या २ कोटींहून अधिक प्रती खपल्या, सबब या वादाचा निवाडा होऊन चुकला आहे, असे या पक्षाचे म्हणणे.

या फिर्यादीतील कलमे एकेक तपासण्यापूर्वी एक मूलभूत गोष्ट नोंदविली पाहिजे, कारण ती दृष्टीआड केल्यामुळेच ही सारी फिर्याद उभी राहिली आहे. या जातीच्या बहुतेक खेळांत नायक शत्रू मारीत जातो, त्याच्या नावे अनुभवाचे गुण जमा होतात, त्याची पातळी चढते आणि काल ज्याने त्याला लोळविले त्याला तो आज एका फटक्यात लोळवितो. मॉन्स्टर हंटरमध्ये, २००४ साली प्लेस्टेशन २ वर आलेल्या पहिल्या खेळापासून, ही व्यवस्था मुळातच नाही. शिकाऱ्याला पातळी नाही. चिलखत बदलले तर त्याचे संरक्षण वाढते, हत्यार बदलले तर त्याचा प्रहार वाढतो, मोहिमेपूर्वी चांगले जेवला तर त्या मोहिमेपुरता त्याचा जीव वा दम वाढतो. पण शेकडो शिकारींनंतरही तो गडी स्वतः पहिल्या दिवशी होता तोच राहतो. मग शेकडो तासांत वाढते काय? खेळणाऱ्या माणसाची नजर वाढते, अंतराचा अंदाज वाढतो, धीर वाढतो. ज्या खेळात वाढावयाचे ते माणसाने, त्या खेळाचा आरंभ माणसाला घडविणारा असला पाहिजे. आणि घडणे वगळून घडलेला माणूस मिळत नाही, एवढे समजण्यास फार मोठी विद्वत्ता लागत नाही.

आता पहिले कलम: पाला खुडणे आणि अळंबी वेचणे हे हमालीचे काम आहे, त्यात शिकारीचा संबंध काय? संबंध हा की शिकारी होण्यापूर्वी माणसाने रानाचा माहितगार झाले पाहिजे. हिमपर्वतावरची पहिली फेरी आठवून पाहावी. तळावरच्या निळ्या पेटीतून नकाशा आपणच उचलावा लागतो. तो विसरला तर रान अंधारात चाचपडत फिरावे लागते. वर गुहेत शिरताच थंडीने दम झपाट्याने खचू लागतो आणि उष्ण पेय जवळ बाळगण्याचे महत्त्व कोणी व्याख्यान न देता कळते. कच्चे मांस शेगडीवर फिरवीत असता वाजणाऱ्या सुरावटीकडे कान लावून नेमक्या क्षणी ते उतरविले तर उत्तम भाजलेला तुकडा मिळतो; घाई केली तर कच्चा, रेंगाळले तर करपलेला. निळी अळंबी आणि औषधी पाला एकत्र केले की औषध होते, त्यात मध घातला की त्याचा गुण वाढतो. म्हणजे ज्या मधाच्या पोळ्यावरून आपण आज सहज चालत गेलो, तेच पोळे उद्या प्राण वाचविणार आहे. या रानात आपण पुढे अनेकदा जीव मुठीत धरून पळणार आहोत. कोणत्या कड्यावरून उडी टाकता येते, कोणत्या अरुंद वाटेने निसटता येते, कुठे थांबून हत्याराला धार लावता येते, हे ज्याला त्या निवांत फेऱ्यांत उमगले नाही तो संकटकाळी कोठे धावणार?

आणि ज्या जिभा आणण्याच्या मोहिमेची सर्वाधिक निर्भर्त्सना होते, तिच्याविषयी तर मला विस्तारानेच लिहिले पाहिजे, कारण खेळाच्या रचनेत याहून सखोल धडा मी क्वचितच पाहिला आहे. खेळाच्या प्रारंभीच टायग्रेक्स नावाचे महाकाय श्वापद नायकाला कड्यावरून खाली भिरकावते आणि तो शुद्धीवर येतो तो पोक्के गावातल्या घरात, ही कथेची सुरुवात. पुढे काही किरकोळ मोहिमा उरकल्यावर खेळाडू पोपोच्या जिभा आणण्यासाठी पुन्हा पर्वत चढतो, निर्धास्तपणे काम करू लागतो, आणि तेच टायग्रेक्स अकस्मात समोर उभे ठाकते. ते मारण्याचा हुकूम नाही आणि त्या हत्याराने ते मरण्याची शक्यताही जवळपास नाही. जिभा घेऊन निसटणे, एवढेच हाती उरते. रान शिकाऱ्याच्या सोयीसाठी मांडलेले नाही, आणि माघार ही शिकारीतली एक विद्या आहे, हे दोन सिद्धांत खेळाने एकही अक्षर न उच्चारता शिकविले. पुढे पुष्कळ मोहिमांनंतर त्याच श्वापदाला मारण्याची पाळी येते, तेव्हा खेळाडूच्या हाताला सुटणारा कंप हा त्या पहिल्या पलायनाचे फळ असतो. ते पलायन गाळून टाका, आणि टायग्रेक्स हे शिकार करावयाच्या यादीतले आणखी एक नाव होऊन बसते. यालाच हे लोक सुधारणा म्हणतात काय?

दुसरे कलम हालचालींच्या जडपणाचे. वार मधेच आवरता येत नाही, औषध पिताना थांबावे लागते, यावरून या खेळाचे काठिण्य कृत्रिम आहे असा निष्कर्ष काढला जातो. प्रत्यक्षात याच दोन गोष्टींवर या खेळाचे सगळे न्यायशास्त्र उभे आहे. ज्या वाराची किंमत मोजावी लागत नाही तो वार करताना विचार करण्याची गरजच काय? महातलवार उचलून तिची ताकद साठवीत उभे राहणे म्हणजे, सावज पुढल्या क्षणी कोठे असेल याविषयी खेळाडूने लावलेली पैज आहे. पैज चुकली तर शेपटीचा तडाखा ठरलेला. औषधाचेही तसेच. घोट घ्यावयाचा तर आधी जागा हेरली पाहिजे, श्वापदाची पाठ वळण्याची वाट पाहिली पाहिजे, किंवा सरळ दुसऱ्या रानात निघून गेले पाहिजे. म्हणजे जखमी होण्याचा अर्थ केवळ पट्टी घटणे असा न राहता लढाईची सूत्रे हातून निसटणे असा होतो. चालता चालता औषध पिण्याची मुभा दिली की जखमेचे गांभीर्य निम्म्याने उतरते. उलट हा जडपणा दोन्ही पक्षांना सारखाच लागू आहे, हे कोणी सांगत नाही. श्वापदही एकदा झेप घेऊ लागले की त्याला दिशा बदलता येत नाही. धावत आले की छातीवर आपटून पुन्हा उठेपर्यंत ते आपल्या स्वाधीन असते. जो कायदा शिकाऱ्याला तोच श्वापदाला, इतकी चोख समानता ज्या खेळात आहे त्याला कृत्रिम काठिण्याचा दोष कोणत्या न्यायाने लावावयाचा?

तिसरे कलम असे की खेळ काही सांगत नाही. मी म्हणतो, खेळ सारे सांगतो. तो ते आकड्यांत सांगत नाही, इतकेच. यान कुट-कू हे पक्षिवर्गीय श्वापद घ्या, ज्याला जपानी खेळाडू प्रेमाने आणि आदराने गुरुजी म्हणतात. त्याचे विशाल, पंख्यासारखे कान मरणाच्या उंबरठ्यावर मिटून पडतात. ते लंगडू लागते आणि झोपण्यासाठी आपल्या घरट्याकडे निघते. ज्याने ते कान पाहिले त्याला कोणत्या पट्टीची आवश्यकता उरते? त्याच कानांजवळ ध्वनिगोळा फोडला तर ते भांबावून उभे राहते आणि भानावर येताच संतापते. म्हणजे मिळालेल्या सवलतीची किंमतही लागलीच चुकवावी लागते. खेझू हे आंधळे, फिकट कातडीचे श्वापद. त्याच्याशी चाललेल्या झुंजीत रणवाद्ये वाजतच नाहीत, आणि ती शांतता खेळाडूच्या मनात जी भीती निर्माण करते ती कोणत्याही सूचनाफलकाने निर्माण झाली नसती. शिवाय ‘काही सांगत नाही’ हा आरोप वस्तुस्थितीलाही धरून नाही. गावात शिकवणीची शाळा आहे, तेथे प्रत्येक हत्याराची ओळख करून देणारा प्रशिक्षक आहे, आणि ठरवून दिलेल्या हत्यार-चिलखतानिशी विशिष्ट श्वापदांशी लढण्याचे पाठ आहेत. एकट्या खेळाडूच्या सोबतीला लढाऊ मांजर देण्याची सोयही याच खंडाने आणली. गावाच्या वृद्ध मुखियाबाईकडच्या मोहिमा एकट्यासाठी बेतलेल्या असतात आणि सभागृहातल्या मोहिमा जमावासाठी, हा भेदही ठळक आहे. तरीही पुष्कळ तक्रारदार चौघांसाठी मोजलेल्या श्वापदासमोर एकटेच उभे राहतात आणि मग त्या श्वापदाच्या चिवटपणाबद्दल खेळाला दूषण देतात. शाळेत पाऊल टाकावयाचे नाही, गावची पायरी चढावयाची नाही, आणि मला कोणी शिकविले नाही म्हणून गाऱ्हाणे मांडावयाचे, याला काय उत्तर द्यावे?

कुट-कूला गुरुजी म्हणतात ते उगीच नव्हे. त्याच्या ठायी असलेले सगळे डावपेच मोजून पाहावेत. ते सरळ रेषेत धावत येते आणि शेवटी छातीवर कोसळते. ते चोचीने टोचते. ते शेपटीचा फेरा घेते, आणि तो ठराविक दिशेनेच घेते. ते तोंडातून आगीचे गोळे टाकते. हेच डाव, अधिक वेगाने, अधिक रोषाने आणि कितीतरी अधिक घातकपणे, पुढे रॅथियन आणि रॅथलॉस ही या मालेची सुप्रसिद्ध दुक्कल आपल्यावर टाकणार आहे. म्हणजे आरंभीचे ते हास्यास्पद दिसणारे, गुलाबी रंगाचे, मोठ्या कानांचे पाखरू ही पुढल्या सर्व उड्डाणशील श्वापदांची बाराखडी आहे. आणि तिच्यातली अक्षरे इतक्या सावकाश, इतक्या ठळकपणे गिरवून घेतली जातात की जो खेळाडू कुट-कूशी प्रामाणिकपणे झुंजला तो रॅथियनसमोर अगदीच निरक्षर राहत नाही. त्याच्याकडून तीनदा हरणे हा अपमान नव्हे. पहिल्यांदा हरल्यावर धाव कळते, दुसऱ्यांदा शेपटी कळते, तिसऱ्यांदा आपली घाई कळते. मांजरांनी हातगाडीवर घालून आपल्याला तळावर आणून टाकले आणि बक्षिसाची रक्कम घटली, एवढाच दंड या शाळेत आहे. आणि त्या दंडाच्या मोबदल्यात मिळणारे ज्ञान कधीही जप्त होत नाही.

चौथे कलम हत्यारांच्या बोथटपणाचे आणि खनिजे व हाडे गोळा करण्याच्या दगदगीचे. येथेही मूळ हेतू ध्यानात घेतला पाहिजे. हत्याराची धार लालपासून जांभळ्यापर्यंत रंगांनी मोजली जाते, आणि आरंभीच्या लोखंडी वा हाडांच्या हत्याराला यांतल्या खालच्या पायऱ्याच लाभतात. म्हणून कठीण अवयवावर केलेला वार उसळून परततो आणि शिकारी उघडा पडतो. परंतु हा उसळणारा वारच खेळाडूला श्वापदाच्या शरीराचा अभ्यास करावयास लावतो. हा भाग मऊ, तो भाग टणक. येथे तलवार चालेल, तेथे सोटा. शेपूट तोडावयाची तर धारेचेच हत्यार पाहिजे: हे शारीरशास्त्र ज्याच्या हाती पहिल्यापासून लखलखीत तलवार दिली त्याला कधी येणार? बॅसारिओससारखे पाषाणदेही श्वापद ज्या दिवशी समोर येते, त्या दिवशी आपले गरीब हत्यार घेऊन रांगेत उभा राहिलेला विद्यार्थी आणि आयत्या तलवारीचा धनी यांच्यातला फरक आपोआप उघड होतो. तीच गोष्ट सामग्रीची. कुदळ मोडते, जाळी फाटते, धार लावण्याचे दगड संपतात. म्हणून प्रत्येक वस्तूला मोल येते आणि गावाच्या मळ्यात खणून काढलेल्या एका खनिजाच्या तुकड्याने हातोडा एक पायरी वर चढतो तेव्हा होणारा आनंद हा कमाईचा आनंद असतो. चिलखताच्या तुकड्यांवरचे गुण जुळवून दहाची बेरीज झाल्याखेरीज एखादे कौशल्य जागे होत नाही, हा हिशेबही या दारिद्र्यातच पाठ होतो. श्रीमंतीत हिशेब शिकल्याचे मी कोठे पाहिले नाही.

प्रतिपक्षाला जेवढे देणे लागतो तेवढे येथेच देऊन टाकतो. पोर्टेबल यंत्रावर चालण्याची कळ आणि दृष्टी फिरविण्याची कळ दोन्ही डाव्याच बाजूस आल्यामुळे तर्जनी वाकवून जी विचित्र पकड साधावी लागते ती बोटांना जाचक आहे. प्लेसिओथ या मत्स्यरूपी श्वापदाचा कुल्ल्याचा धक्का, अंगाला न लागताही लागल्याचा निर्णय देतो, हा अन्याय आहे. पुढला दर्जा उघडणाऱ्या मोहिमांवर खूण असती तर काही बिघडले नसते. परंतु ही तिन्ही वैगुण्ये कारागिरीची आहेत, कल्पनेची नव्हेत. आणि त्यांतले एकही पहिल्या दहा तासांचे खास लक्षण नाही. पकड शेवटपर्यंत तीच राहते आणि प्लेसिओथ पुढेही तितकाच अन्यायी असतो. या तीन दोषांच्या आधारे आरंभाची सगळी इमारत पाडण्याचा हुकूम मागणे, ही दाव्याच्या बाहेरची मागणी आहे.

राहिले शेवटचे आणि सर्वांत लोकप्रिय कलम: आजच्या माणसाला वेळ नाही, आणि खपाने निवाडा केला आहे. वेळ नाही, हे खरे मानले तरी त्यातून आरंभ वगळावा असे कसे निष्पन्न होते? ज्याला वेळ थोडा आहे त्याने तर तो थोडा वेळ सर्वांत सकस भागात घालविला पाहिजे, आणि या खेळाचा सर्वांत सकस भाग, जेथे प्रत्येक फेरीत काही नवे कळते असा भाग, आरंभीचाच आहे. खपाच्या युक्तिवादाला तर दोन्ही बाजूंनी धार आहे. ज्या खंडाचा आरंभ असह्य म्हणून सांगतात त्याच्याच, ‘पोर्टेबल सेकंड जी’ या मूळ नावाने निघालेल्या, एकट्या जपानात ४० लाखांहून अधिक प्रती खपल्या. खेळाडूंनी एका ठिकाणी यंत्रे घेऊन बसल्याखेरीज ज्यात जोडीने खेळता येत नव्हते अशा काळात खपल्या. आणि ‘वर्ल्ड’चे यश सुलभतेचे आहे असे म्हणणाऱ्यांनी त्या खेळाने काय टाकले याबरोबर काय राखले याचीही यादी करावी. त्याने शिकाऱ्याला पातळी दिली नाही. तीन मूर्च्छांचा शिरस्ता मोडला नाही. बहुतांश मोहिमांची ५० मिनिटांची मुदत हटविली नाही. आणि घावांचे आकडे दाखवूनही श्वापदाच्या जिवाची पट्टी दाखविली नाही. म्हणजे ज्या कणखर पायावर तो उभा आहे तो जुनाच आहे.

त्या पायाला खरी इजा पोहोचली ती निराळ्या मार्गाने. २०१९ साली ‘आइसबोर्न’ हा विस्तार आला आणि त्या वर्षाच्या अखेरीस नवख्यांना तेथवर झटपट पोहोचता यावे म्हणून अत्यंत बळकट चिलखत आणि तितकीच बळकट हत्यारे फुकट वाटली गेली. परिणाम काय झाला? सावज आपली विद्या दाखविण्यापूर्वीच मरू लागले. ज्याने खेळाचा पूर्वार्ध असा कापीत ओलांडला त्याने टाळण्याची गरज नसल्यामुळे टाळणे शिकले नाही, पाहण्याची गरज नसल्यामुळे पाहणे शिकले नाही, आणि विस्ताराच्या हिमभूमीत ते फुकटचे चिलखत अपुरे पडताच त्याच्यापाशी काहीच उरले नाही. पुढे २०२५ च्या ‘वाइल्ड्स’मध्ये तर वाहनच शिकाऱ्याला आपणहून सावजापर्यंत नेऊन सोडते; रान वाचण्याचे काम वाहनाकडे गेले. त्यानंतर हेच टीकाकार उलट बाजूने म्हणू लागतात की नवे खेळ फार सोपे झाले, शिकारीची ओढ लागत नाही, टायग्रेक्सचे भय वाटत नाही. भय कोठून वाटणार? ज्या दहा तासांत ते पेरले जाते ते तुम्हीच उपटून टाकावयास सांगितले होते.

तेव्हा माझे म्हणणे मी निःसंदिग्धपणे मांडतो. फ्रीडम युनाइटचा आरंभ ही खऱ्या खेळाबाहेरची देवडी नव्हे. तोच खरा खेळ आहे, आणि पुढले शेकडो तास हा त्याचा विस्तार आहे. बोथट हत्यार, मोजका शिधा, थांबून घ्यावा लागणारा औषधाचा घोट, न दिसणारी जिवाची पट्टी, जिभा घेऊन टायग्रेक्सपुढून काढलेला पळ आणि कुट-कूने केलेला पराभव, यांतले काहीही ओझे नाही. या प्रत्येकाने खेळाडूच्या अंगी असे काही रुजविले आहे जे कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही आणि कोणताही मित्र उसने देऊ शकत नाही. जो कोणी हा खेळ प्रथमच हाती घेत असेल त्याला माझा आग्रह एवढाच: कोणाचेही आयते चिलखत घेऊ नका, कोणाच्याही पाठीमागून पायऱ्या ओलांडू नका, गरीब राहा, हरा, पाहा, आणि पुन्हा जा. आणि जे हा आरंभ वगळण्याचा सल्ला नवख्यांना देत हिंडतात त्यांना माझे स्पष्ट सांगणे आहे की तुम्ही त्यांचा वेळ वाचवीत नाही. ज्या एका गोष्टीसाठी हा खेळ खेळावयाचा, ती शिकारी होण्याची गोष्टच तुम्ही त्यांच्यापासून हिरावून घेत आहात.